राष्ट्रीय अधिवेशन : मतदाराने नेमकं काय पाहावं?

रामबागकर (इंदूर)

राष्ट्रीय पक्षाचं अधिवेशन भरलं की बातम्यांत मंडप, कमानी, जेवणावळी आणि कोण कोणाशेजारी बसलं हेच भरभरून येतं. मतदार म्हणून मी एकच गोष्ट शोधतो : आत बसलेल्या प्रतिनिधीला 'नाही' म्हणायची काही सोय होती का?

आपण मतदान केंद्रावर पोचतो तोवर उमेदवार ठरून गेलेला असतो. तो ठरवणारी मंडळं पक्षाच्या घटनेतून येतात आणि ती घटना बदलायचा अधिकार अधिवेशनाला किंवा परिषदेला असतो. म्हणून अधिवेशन हा पक्षाचा घरगुती मामला मानायला मी तयार नाही. इंदूरच्या मतदाराने २०२४ साली याची किंमत मोजली आहे. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, माघार घेतली. पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, पण मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की पर्यायी उमेदवार पक्षाचा राहत नाही, आणि अपक्ष म्हणून टिकायला दहा सूचकांच्या सह्या लागतात. त्या नव्हत्या. शेवटी नोटाला २,१८,६७४ मतं पडली. उमेदवार कोणी निवडला, कशावरून निवडला, हे विचारायला मतदाराकडे जागाच नव्हती.

आपल्या शहरात दोन मोठी अधिवेशनं झाली. जानेवारी १९५७ मध्ये काँग्रेसचं, अध्यक्ष उ. न. ढेबर. आणि १७ ते १९ फेब्रुवारी २०१० ला भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची आणि परिषदेची बैठक. २०१० चं बहुतेकांना आठवतं ते तंबूंमुळे. नितीन गडकरींनी नेत्यांना हॉटेलं सोडून शहराबाहेर तंबूत राहायला लावलं होतं. पण मतदाराच्या दृष्टीने त्या तीन दिवसांतलं खरं काम वेगळंच होतं. डिसेंबर २००९ मध्ये संसदीय मंडळाने, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या निर्णयमंडळाने, गडकरींची अध्यक्षपदी जी निवड केली तिच्यावर परिषदेने तिथे शिक्कामोर्तब केलं. समोर दुसरा उमेदवार नव्हता.

आता पक्षाच्या घटनेतलं अध्यक्षपदाचं कलम पुढे कसं सरकत गेलं ते पाहा. तेव्हाच्या घटनेत सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष होता येत नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये सूरजकुंडच्या परिषदेत ते बदललं, सलग दोन कार्यकाळांची मुभा आली. जानेवारी २०१३ मध्ये गडकरी पायउतार झाले आणि राजनाथ सिंह आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात आणखी एक दुरुस्ती झाली : आणीबाणीच्या परिस्थितीत अध्यक्षाबद्दलचा निर्णय संसदीय मंडळ घेऊ शकेल. एवढं एक कलम १४ वर्षं लावून धरलं तर पक्षातली सत्ता कुठून कुठे सरकते ते दिसतं. तीन दिवसांच्या भाषणांतून ते हाती लागत नाही.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रामबागकर, मुद्दा पटला, पण 'नाही म्हणायची सोय' एवढ्यावर थांबू नका. मतदान झालं म्हणजे सगळं झालं असं मानलं तर त्रिपुरी विसरल्यासारखं होईल, आणि त्रिपुरी आपल्याच प्रदेशात, जबलपूरपाशी आहे.

१९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी खरीखुरी लढत झाली. सुभाषबाबूंना १५८०, पट्टाभी सीतारामय्यांना १३७७. जिंकले सुभाषबाबू. पण मार्चमध्ये अधिवेशन भरलं तेव्हा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला : कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. तो मंजूर झाला. अध्यक्ष निवडून आलेला, पण आपली समिती नेमायचा त्याचा हात बांधलेला. एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बैठकीत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

तेव्हा अध्यक्ष कसा आला याच्या जोडीला कार्यकारिणी कोण नेमतो हेही पाहायला हवं. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त वजनाचा आहे.

---

लोकमान्यनगर

लष्करवाला, हा धागा थेट आजपर्यंत येतो. २०२२ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक आणि २०२३ चं रायपूर अधिवेशन एकत्र ठेवून वाचा.

१७ ऑक्टोबर २०२२ ला मतदान, १९ ला मोजणी. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, अवैध ४१६. मला निकालापेक्षा पद्धतीतले बारकावे महत्त्वाचे वाटतात, कारण अशा निवडणुका तिथेच बिघडतात.

एक, मतदार यादी. काही खासदारांनी ती जाहीर करा म्हणून मागणी केली होती. ती सर्वांसाठी जाहीर झाली नाही, पक्ष कार्यालयात पाहायची सोय ठेवली. यादी उघड नसली की उमेदवाराला प्रतिनिधींपर्यंत पोचता येत नाही, आणि प्रतिनिधी खरोखर त्याच ब्लॉकचा आहे का हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही.

दोन, मतपत्रिका. आधीची सूचना होती की पसंतीच्या नावापुढे '१' लिहा. खर्ग्यांचा अनुक्रमांक १ होता, थरूरांचा २. थरूरांच्या बाजूने हरकत आली की यात मतदार गोंधळेल. मग '१' ऐवजी बरोबरची खूण करायचं ठरलं. हरकत वेळेत घेतली म्हणून सुधारणा झाली. मतदान उरकल्यावर हीच तक्रार केली असती तर काही हाती लागलं नसतं.

तीन, सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळल्या. ही चांगली गोष्ट. राज्यवार मोजणी झाली असती तर कुठल्या प्रदेशाने कुणाला मतं दिली ते उघड झालं असतं, आणि पुढच्या तिकीटवाटपात त्याचा हिशेब निघाला असता.

इथवर 'नाही' म्हणायची सोय होती, आणि हजाराहून अधिक प्रतिनिधींनी ती वापरली. त्यानंतर चार महिन्यांनी रायपूर. २४ फेब्रुवारी २०२३ ला सुकाणू समितीने ठरवलं की कार्यसमितीची (पक्षाच्या कार्यकारिणीची) निवडणूक होणार नाही, सदस्य अध्यक्ष नेमतील. घटना दुरुस्त करून सदस्यसंख्या २५ वरून ३५ केली, आणि निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, मागास, अल्पसंख्याक, महिला, तरुण यांच्यासाठी ठेवल्या. म्हणजे अध्यक्ष मतदानाने आणि समिती नेमणुकीने.

---

तिलकनगर

लोकमान्यनगरदादा, तुम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहिलंत, पण नेमणुकीमागचं कारणही सांगायला हवं. १९९२ मध्ये तिरुपतीला कार्यसमितीची निवडणूक झाली होती. निवडून आलेल्यांत दलित नव्हते, महिला नव्हत्या. त्याच कारणाने नरसिंह रावांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि समिती नव्याने बांधली. खुल्या निवडणुकीत ज्यांचा गट मोठा तेच येतात, हा अनुभव खरा आहे.

---

लोकमान्यनगर

ताई, अनुभव खरा, उपाय चुकीचा. जागा राखीव ठेवून त्याच जागांसाठी मतदान घेता येतं. ग्रामपंचायतीत, नगर निगममध्ये आपण तेच करतो. राखीव जागेवर नेमलेली बाई नेमणाऱ्याला उत्तरदायी असते, निवडून आलेली बाई मतदाराला. आरक्षण आणि निवडणूक यांतलं एकच निवडा असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका.

---

तिलकनगर

हे मान्य. राखीव जागांसाठी मतदान हाच खरा मार्ग.

मला ठरावांबद्दल लिहायचं आहे, कारण मतदाराच्या हाती पडणारा कागद तोच असतो, आणि बहुतेकजण तो चुकीच्या टोकाने वाचतात.

ठराव लांबलचक असतो. पहिले कित्येक परिच्छेद परिस्थितीचं वर्णन, सरकारची स्तुती किंवा निंदा. ते सोडा. शेवटच्या भागात क्रियापदं शोधा. 'मागणी करते' म्हणजे दुसऱ्याने करावं. 'निषेध करते' म्हणजे कुणीच काही करायचं नाही. 'संकल्प करते' म्हणजे पक्षाने स्वतः करायचं, पण कधी ते बहुधा लिहिलेलं नसतं. 'निर्देश देते' किंवा 'समिती नेमते' असं असेल तर तिथे पेन्सिलीने खूण करा : समितीत कोण, अहवाल कधी. हे दोन तपशील असतील तर ठरावाला पाय फुटू शकतात.

ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे सत्ताधारी पक्षालाही लागू आहे. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. पक्ष केंद्रात सत्तेवर, नेहरू पंतप्रधान, तरी ती शेती देशात रुजली नाही. चौधरी चरणसिंहांनी तिथेच विरोध नोंदवला होता. जमीन हा राज्यांचा विषय, आणि राज्यांतल्या पक्षशाखांत जमीनधारकांचं वजन मोठं. अंमल करणारा हात आणि ठराव करणारा हात वेगळे होते. उलट १९३१ च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावाचे पडसाद आपल्या राज्यघटनेत दिसतात, कारण तो लावून धरणारी माणसं पुढे घटना लिहायला बसली होती. म्हणून ठरावासोबत नेहमी विचारा : अंमल कोणाच्या हातात?

मसुदा आणि अंतिम ठराव यांत फरक पडला का, हे रामबागकरांच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं मोजमाप आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष राजकीय ठरावाचा मसुदा पक्ष काँग्रेसच्या दोन महिने आधी जाहीर करतो, खालच्या शाखांतून दुरुस्त्या येतात. २०१८ च्या हैदराबादच्या पक्ष काँग्रेसमध्ये मसुद्यात काँग्रेसशी 'समझोता किंवा निवडणूक आघाडी' नको असं होतं. समझोत्याला अनुकूल सीताराम येचुरी आणि विरोधातले प्रकाश करात यांच्या बाजूंची चर्चा भरसभागृहात झाली आणि अंतिम ठरावात ते 'राजकीय आघाडी' नको एवढंच उरलं. समझोत्याचं दार उघडं राहिलं. २०२५ मध्ये मदुराईला केंद्रीय समितीच्या अधिकृत यादीविरुद्ध महाराष्ट्राचे डी. एल. कराड उभे राहिले, ३१ मतं पडली, हरले. पण उभं राहता आलं आणि मतं मोजली गेली. त्या पक्षाच्या विचारांशी माझं जमत नाही, तरी ही पद्धत इतरांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

---

राजेंद्रनगर

प्रश्न आहे. अमेरिकेत तर राज्यागणिक हजेरी घेऊन प्रतिनिधी मतं देतात, टीव्हीवर सगळं दाखवतात. आपल्याकडे तसं केलं तर?

---

परस्परनगर

राजेंद्रनगर, ती हजेरी आता बरीचशी औपचारिक उरली आहे. पूर्वी तसं नव्हतं. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाला उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या लागल्या, कारण तेव्हा दोन तृतीयांश मतांची अट होती. १९३६ ला ती अट काढली. एकाहून जास्त फेऱ्या शेवटच्या लागल्या त्या १९५२ ला. १९६८ च्या शिकागो अधिवेशनातल्या गोंधळानंतर नियम बदलले आणि प्रतिनिधी प्रामुख्याने राज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांतून, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या मतदानातून, येऊ लागले. म्हणजे सत्ता मंडपातून उठून सामान्य मतदाराकडे गेली. २०२४ मध्ये डेमोक्रॅट्सनी कमला हॅरिस यांचं नाव ऑगस्टच्या सुरुवातीलाच ऑनलाइन मतदानाने पक्कं केलं. शिकागोचं अधिवेशन १९ ऑगस्टला सुरू झालं.

तेव्हा आपण घ्यायचं असेल तर प्राथमिक निवडणूक घ्यावी, टीव्हीवरची हजेरी नको. आणि हा प्रयोग आपल्या इंदुरात झालेला आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? २०१४ च्या लोकसभेसाठी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत उमेदवार असा ठरवला. इंदूर त्यात होतं, मंदसौर होतं, बडोदाही होतं. इंदुरातून सत्यनारायण पटेल निवडले गेले आणि सुमित्राताई महाजनांकडून साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरले. मतदानाचा हक्क पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना होता, साध्या मतदाराला नव्हता. मोठ्या पराभवाचा दोष कुणी पद्धतीला देऊ नये. त्या लाटेत नेमलेले उमेदवारही तसेच पडले.

---

दांडियाबाजार (बडोदा)

आमच्याकडचं पुढचं सांगतो, कारण शिकण्यासारखं तिथे जास्त आहे. बडोद्यात प्राथमिक निवडणूक नरेंद्र रावतांनी जिंकली. मग भाजपकडून नरेंद्र मोदी बडोद्यातून उभे राहणार असं ठरलं. रावतांनी जागा सोडली आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. आतली निवडणूक पक्षाच्या घटनेत बसवलेली नसेल तर ती एका निर्णयात बाजूला ठेवता येते, ही त्यातली खोच. (२०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते हेच मिस्त्री.)

आता पैसा. या धाग्यात त्यावर कुणी आलं नाही.

अधिवेशनाचा खर्च पाहायचा असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर राजकीय पक्षांच्या विभागात दोन वेगळे कागद असतात. एक देणग्यांचा अहवाल : २०,००० रुपयांवरची प्रत्येक देणगी, देणाऱ्याचं नाव, रक्कम. दुसरा वार्षिक लेखापरीक्षण अहवाल. राष्ट्रीय पक्षांनी तो ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. लोक पहिला उघडतात आणि खर्च सापडत नाही म्हणून सोडून देतात. खर्च दुसऱ्यात असतो.

आर्थिक वर्षाचं गणित नीट करा. रायपूरचं अधिवेशन फेब्रुवारी २०२३ चं, म्हणजे २०२२-२३ च्या अहवालात. अहमदाबादचं अधिवेशन ८ आणि ९ एप्रिल २०२५ चं, म्हणजे २०२५-२६ मध्ये, आणि त्याच्या अहवालाची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६. एप्रिलमध्ये भरलेल्या अधिवेशनाचा हिशेब दीड वर्षाने दिसतो, फेब्रुवारीतल्याचा आठ महिन्यांत.

आकडा सापडला तरी सावध राहा. मंडप, प्रवास, जेवण, छपाई वेगवेगळ्या शीर्षकांखाली पडतात. काही भार प्रदेश शाखेने किंवा स्थानिक स्वागत समितीने उचलला असेल तर केंद्राच्या ओळीत तो दिसणार नाही. दोन पक्षांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची घाई नको, आधी शीर्षकं एकसारखी आहेत का ते पाहा.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट पक्षाला करायचा विचार असेल तर त्याचा उपयोग होत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं, पक्षांनी ते पाळलं नाही. अर्ज नगर निगमला करा. मैदान सरकारी असेल तर भाडं, अनामत, सफाईचा आकार, परवानगीच्या अटी, अग्निशमनाचा दाखला हे सगळं त्यांच्या दप्तरी असतं. राज्याच्या नियमाप्रमाणे शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'अधिवेशनाची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. मैदानाचं नाव, तारखा, 'भाडेपावतीची प्रत', 'परवानगी आदेशाची प्रत' असे एकेक कागद मागा.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

दांडियाबाजार, फार उपयोगी लिहिलंत. माझा एक आक्षेप मात्र शिल्लक आहे. मतभेद चव्हाट्यावर आणणारा पक्ष निवडणुकीत मार खातो. प्रतिनिधींनी एकमुखाने नेता निवडला तर त्यात मतदाराचं काय बिघडलं? शेवटी आपण पक्षाच्या कामावर मत देतो.

---

रामबागकर (इंदूर)

बिघडतं ते पक्ष फुटतो त्या दिवशी. महाराष्ट्रात जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. चिन्हाचा वाद १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या परिच्छेद १५ खाली निवडणूक आयोगापुढे जातो. आयोग विचारतो, संघटनेत बहुमत कुणाचं? विधिमंडळात कुणाचं? ही कसोटी १९६९ च्या काँग्रेसफुटीतून आली, पाच दशकांहून अधिक काळ चालत आलेली. तेव्हा महासमितीचे (काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीचे) सदस्य आणि प्रतिनिधी कोणत्या बाजूला किती, हे मोजता आलं होतं.

शिवसेनेच्या प्रकरणात १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने म्हटलं की २०१८ ची दुरुस्त घटना आपल्याकडे दिलेलीच नव्हती, आणि संघटनेतलं बहुमत ठरवता येत नाही. मग निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवर गेला. त्यात कोण बरोबर हा वाद मी इथे काढत नाही. मुद्दा एवढाच की ज्या पक्षात पदाधिकारी निवडून आलेले असतात, यादी उघड असते आणि घटना आयोगाच्या दप्तरी असते, तिथे साध्या कार्यकर्त्यांचं वजन मोजता येतं. जिथे हे नसतं तिथे पक्ष कुणाचा हे विधानभवनातली डोकी ठरवतात. एकमताने टाळ्या वाजवून उरकलेल्या अधिवेशनाची किंमत अशी नंतर कळते, आणि ती चिन्हावर मत देणाऱ्या माणसाला चुकवावी लागते.

---

राजेंद्रनगर

मग आयोग पक्षांना निवडणुका घ्यायला भाग का पाडत नाही? नोंदणीच रद्द करावी.

---

लोकमान्यनगर

तो अधिकारच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क खाली आयोग पक्षाची नोंदणी करतो, पण ती रद्द करायची तरतूद कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं. फसवणुकीने नोंदणी मिळवली असेल वगैरे मोजके अपवाद सोडले तर आयोगाचे हात बांधलेले आहेत. दर पाच वर्षांत अंतर्गत निवडणूक घ्या असं आयोग सांगतो, पक्ष 'झाली' असं कळवतो, आणि 'झाली' म्हणजे बिनविरोध झाली का मतदानाने हे तपासणारं कुणी नसतं.

---

तिलकनगर

म्हणूनच मतदाराने दारात आलेल्या माणसाला विचारावं. आपल्या खासदार-आमदारांपैकी, जिल्हाध्यक्षांपैकी कुणीतरी परिषदेचा सदस्य असतोच. 'तुमचा पक्ष लोकशाही मानतो का' असलं विचारलं की भाषण ऐकावं लागतं. विचारायचं ते असं : गेल्या अधिवेशनात तुम्हाला ठरावाचा मसुदा किती दिवस आधी मिळाला? किती दुरुस्त्या आल्या, किती मतदानाला टाकल्या? तुम्ही प्रतिनिधी कसे झालात, तुमच्याविरुद्ध कोण उभं होतं?

---

परस्परनगर

ताई, हे प्रश्न वॉर्डातल्या बैठकीत विचारण्यासारखे आहेत. पक्षांच्या घटना हिंदीत कुठे मिळतील?

---

दांडियाबाजार (बडोदा)

पक्षाच्या संकेतस्थळावर असते, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर राजकीय पक्षांच्या विभागात आयोगाकडे दिलेली प्रत असते. दोन्ही उतरवून घ्या आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख ताडून पाहा. पक्षाची प्रत नवी आणि आयोगाची जुनी असेल तर आयोगाला साधं पत्र लिहून विचारा की अमुक तारखेची दुरुस्ती नोंदली गेली आहे का. कलमं वाचायची तर अध्यक्षाच्या निवडीपासून सुरुवात करा. भाजपच्या घटनेत मतदारमंडळातल्या वीस जणांनी मिळून नाव सुचवावं लागतं, आणि ते नाव किमान पाच राज्यांतून यावं लागतं. उमेदवार चार अवधी सक्रिय सदस्य आणि १५ वर्षं सभासद असावा लागतो. निम्म्या राज्यांतल्या निवडणुका झाल्याशिवाय अध्यक्षाची निवडणूक लागत नाही. काँग्रेसच्या घटनेत ब्लॉकमधून प्रतिनिधी आणि त्यांच्यातून ठरावीक हिस्सा महासमितीवर, ही साखळी पाहा. मग कार्यसमितीचं कलम, त्यानंतर घटनादुरुस्तीचं. तेवढी तीन कलमं वाचून झाली की इथे टाका, बडोद्याहून मी काँग्रेसचं उतरवून ठेवतो.